आठ डॉलर आणि आजीच्या पाटल्या

गेल्या वर्षी सांगलीचं घर रिकामं करायला घेतलं, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक माझ्या वाट्याला आली. म्हणजे कुणालाच नको होती, म्हणून माझ्या वाट्याला आली! २०१९ च्या पुरात खालचं सगळं भिजलं, पण माळा वाचला आणि त्याबरोबर ही ट्रंकही. आत अण्णांचे (म्हणजे माझ्या आजोबांचे) हिशोबाच्या वह्यांचे गठ्ठे, काकांची निळी आंतरदेशीय आणि परदेशी पत्रं, आणि तळाशी काकांचा पहिला पासपोर्ट. ते तिकडचे नागरिक झाल्यावर हा रद्द झालेला पासपोर्ट त्यांनी अण्णांकडे ठेवायला दिला होता. अण्णा काहीही टाकत नसत, हे त्यांना माहीत होतं.

पासपोर्ट चाळताना शेवटच्या पानांवर एक शिक्का दिसला. सप्टेंबर १९६९. या प्रवाशाला इतकं इतकं परकीय चलन दिलं, अशी नोंद. आकडा होता ८ डॉलर.

"आठ डॉलर घेऊन अमेरिकेला गेलो" हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की लहानपणी मला ते शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेसारखं वाटायचं. ऐकायला छान, पण तपशील विचारायचे नाहीत. काका सुट्टीवर आले की हे वाक्य यायचंच, विशेषतः आम्ही मुलांनी पानात काही टाकलं की हमखास. :) पण तो आकडा शाईत, सरकारी शिक्क्याखाली बघितला आणि पहिल्यांदा प्रश्न पडला. आठच का? आणि आठ डॉलरमध्ये माणूस पोचला तरी कसा? शिकागो म्हणजे काही मिरज नव्हे.

मग वाचत गेले. वाचताना थोडी मागे गेले, आणखी मागे गेले, आणि शेवटी परत त्याच ट्रंकेपाशी आले. हे सगळं लिहून ठेवायचं कारण शेवटी कळेल. घरातल्या मंडळींनी तरी पूर्ण वाचावं अशी विनंती.

प्रवासात पैसे कसे न्यायचे हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर होतं हुंडी. काशीला निघालेला माणूस कमरेला रुपये बांधून निघाला तर वाटेत ठग, पेंढारी, बंडवाले, कुणीतरी त्याला मोकळा करणारच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत दक्षिणा मिळवायला गेले आणि वाटेत कसे लुटले गेले, ते 'माझा प्रवास'मध्ये आपण सगळ्यांनी वाचलंय. म्हणून शहाणा माणूस इथल्या सावकाराकडे रुपये भरायचा आणि एक कागद घ्यायचा. त्या सावकाराची पेढी किंवा आडत्या काशीत असे. तो कागद बघून तिथे रुपये मोजून देई. दाखवल्याबरोबर पैसे मिळायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनंतर मिळायचे ती मुदती. या कामाबद्दल सावकार घेई ती हुंडणावळ. हुंडी वाटेत हरवली तर 'पैठ' लिहून देत, तीही हरवली तर 'परपैठ'. इतका विचार करून ठेवला होता या लोकांनी. इंग्रजांनी १८८१ साली धनकोऋणकोंच्या कागदपत्रांचा कायदा केला, तेव्हाही हुंडीच्या स्थानिक चालीरीतींना हात लावला नाही.

नरसी मेहतांची गोष्ट आठवते ना? द्वारकेला निघालेले यात्रेकरू सातशे रुपये घेऊन त्यांच्याकडे येतात, आणि ते शामळशा शेठच्या नावाने हुंडी लिहून देतात. द्वारकेत असा शेठ कुणी नसतोच, मग खुद्द देव शेठ होऊन हुंडी वटवतो. भक्तीची गोष्ट म्हणून आपण ती ऐकतो, पण ती मुळात उभी आहे एका व्यवहारी भीतीवर. समोरच्या गावात हा कागद कुणी ओळखलाच नाही तर? परमुलखात पैसे न्यायच्या प्रत्येक युक्तीच्या मागे हाच एक प्रश्न आहे.

युरोपातही थोड्याफार फरकाने हेच चालू होतं. बड्या लोकांना त्यांची बँक पतपत्र द्यायची. ते घेऊन परगावच्या ठराविक बँकेत जायचं, सही जुळवायची, थोडे थोडे पैसे उचलायचे. १७७२ साली लंडनच्या एका कंपनीने युरोपातल्या नव्वद शहरांत वटतील अशा चिठ्ठ्या काढल्या. पुढे थॉमस कुकने १८७४ मध्ये आपल्या पर्यटकांसाठी अशीच 'सर्क्युलर नोट' काढली. पण आपण ज्याला ट्रॅव्हलर्स चेक म्हणून ओळखतो, तो अमेरिकन एक्सप्रेसने १८९१ मध्ये आणला. त्याची गोष्ट मजेदार आहे. कंपनीचे अध्यक्ष जे. सी. फार्गो युरोपच्या सहलीवर गेले होते. एवढा मोठा माणूस, खिशात भारीतलं पतपत्र, पण मोठी शहरं सोडली तर ते कुणी विचारेना. परत आल्यावर त्यांनी मार्सेलस बेरी नावाच्या आपल्या माणसाला यावर काहीतरी तोड काढ म्हणून सांगितलं. बेरीने काढलेली तोड म्हणजे दोन सह्या. चेक विकत घेताना एक सही करायची, वटवताना समोर दुसरी. दोन्ही जुळल्या की झालं. समोरच्याने तुम्हाला ओळखायची गरज नाही, तुमच्याच सहीने तुम्हाला ओळखायचं.

ही युक्ती पुढे अनेक दशकं जगभर चालली. पण कागद शेवटी कागदच. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा हजारो अमेरिकन पर्यटक युरोपात अडकले होते. बँकांनी दारं लावून घेतली, हॉटेलवाले पतपत्राकडे बघेनात. कालपर्यंत श्रीमंत असलेली माणसं चहालाही महाग झाली. शेवटी अमेरिकन सरकारला 'टेनेसी' नावाच्या युद्धनौकेवर सोनं भरून पाठवावं लागलं. शामळशा शेठ आला, पण बोटीतून!

इथपर्यंतचा इतिहास चोर, दरोडेखोर आणि अनोळखी सावकार यांचा आहे. यापुढचा मात्र वेगळा आहे. कारण यानंतर प्रवाशाच्या खिशात हात घालणारा नवा माणूस येतो, तो म्हणजे त्याचं स्वतःचं सरकार.

हे फक्त आपल्याकडे झालं असं मला वाटत होतं. "आपलं लायसन्स-परमिट राज" असं म्हणून आपण मोकळे होतो. पण तसं नाही. १९३० नंतरच्या मंदीत एकेका देशाने आपलं चलन बाहेर जाऊ नये म्हणून दारं बंद केली. नाझी जर्मनीतून जीव वाचवून निघालेल्या ज्यूंना शेवटी शेवटी फक्त दहा मार्क बरोबर नेता येत. तिथे तो नियम चलन वाचवण्यापुरता उरला नव्हता, लुटायचं हत्यार झाला होता. आपल्या आठ डॉलरची त्याच्याशी बरोबरी करणं चूक आहे, हे मला ठाऊक आहे. पण एकदा सरहद्दीवर माणसाचा खिसा तपासायचा अधिकार मिळाला की तो किती टोकाला जाऊ शकतो, हे लक्षात राहावं म्हणून लिहिलं.

युद्धानंतरही ही बंधनं गेली नाहीत. जपानने आपल्या नागरिकांना नुसत्या पर्यटनासाठी परदेशी जायला परवानगी दिली ती १९६४ साली, तीही वर्षातून एकदा आणि ५०० डॉलरच्या मर्यादेत. ज्या ब्रिटनला आपण साहेबाचा देश म्हणायचो, त्या ब्रिटनने १९६६ मध्ये आपल्या माणसांना परदेश प्रवासासाठी वर्षाला फक्त ५० पौंडांची मर्यादा घातली. साहेबाच्या पासपोर्टातही या नोंदीसाठी पान असायचं! ती मर्यादा १९७० च्या सुरुवातीला सैल झाली, आणि चलनावरचे निर्बंध पूर्ण उठले ते १९७९ मध्ये. फ्रान्सने तर अगदी १९८३ मध्ये प्रवाशांना वर्षाला २००० फ्रँकची मर्यादा घातली आणि प्रत्येकाच्या हातात नोंदवही दिली. फ्रेंच लोक किती चिडले असतील!

आता आपल्याकडे वळू. भारतात परकीय चलनावरचं नियंत्रण सुरू झालं ते सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्धकाळातल्या भारत संरक्षण नियमांखाली. युद्ध संपलं, नियंत्रण राहिलं. १९४७ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. गंमत अशी की स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपण कंगाल नव्हतो. युद्धात ब्रिटनने इथून नेलेल्या मालाची आणि खर्चाची उधारी लंडनमध्ये आपल्या नावावर स्टर्लिंगमध्ये साठलेली होती. पण दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत पोलादाचे कारखाने आणि यंत्रं आणताना ती भराभर संपली. १९५७-५८ पासून डॉलर आणि पौंड म्हणजे दुष्काळातलं पाणी झालं. एकेका बादलीचा हिशोब.

या काळातली एक गोष्ट मला फार आवडली. तेव्हा कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत इथे आपला रुपया चालायचा. होय, रिझर्व्ह बँकेची नोट घेऊन दुबईच्या बाजारात खरेदी करता येत असे! पण झालं असं, की आखातातून सोनं चोरून भारतात यायचं, त्याचे रुपये तिकडे जायचे आणि तिथल्या बँका ते रुपये आपल्याला परत करून बदल्यात पौंड मागायच्या. म्हणजे तस्करीच्या सोन्याचं बिल आपलीच रिझर्व्ह बँक पौंडात भरणार. म्हणून १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या, क्रमांकाच्या आधी झेड अक्षर असलेल्या. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठीही अशाच वेगळ्या नोटा निघाल्या, त्यांवर एचए. पुढे कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला आणि १९६६ मध्ये आपल्या रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर उरलेल्यांपैकी बहुतेकांनीही एकेक करून काढता पाय घेतला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला.

त्या अवमूल्यनाची तारीख ६ जून १९६६. आदल्या दिवशी डॉलर ४ रुपये ७६ पैसे होता, तो ७ रुपये ५० पैसे झाला. त्याच सुमारास अमेरिकेचं दार उघडत होतं. १९४६ पासून भारतीयांना तिथे स्थायिक व्हायला वर्षाला जेमतेम शंभर जागा होत्या, त्या अटी १९६५ च्या कायद्याने बदलल्या. म्हणजे तिकडे जायची वाट मोकळी झाली, नेमकी तेव्हाच जायच्या वाटखर्चाला टाळं लागलं.

साठच्या दशकाच्या मध्यापासून पुढे गेलेली पिढी म्हणूनच आठ डॉलरची गोष्ट सांगते. इंग्लंडला गेलेले तीन पौंडांची सांगतात, गोष्ट एकच. परदेशी जायचं तर आधी 'पी फॉर्म' भरून मंजूर करून घ्यायचा, त्याशिवाय तिकीट नाही. खर्चाची सोय तिकडचं कुणीतरी करणार आहे याचा कागद दाखवायचा. आणि मग हातात आठ डॉलर. साडेसात रुपयांच्या दराने साठ रुपये. अण्णांचा तेव्हाचा शाळामास्तरचा पगार तीनशेच्या आसपास होता, म्हणजे साठ रुपये त्यांच्याकडे नक्की असणार. रुपये नव्हते असं नाही. रुपये घेऊन त्यांचे डॉलर करून द्यायला कुणी तयार नव्हतं, एवढंच.

माझ्या पिढीला ही गोष्ट समजायला अवघड जाते. पैसा आहे, पण तो सरहद्दीपाशी थांबतो. मग लोक काय करत? जे जे रुपयांत घेता येईल ते ते इथूनच घेऊन जात. विमानाचं तिकीट रुपयांत मिळे, म्हणून ते न्यूयॉर्कपर्यंत न काढता थेट मुक्कामाच्या गावापर्यंत काढायचं. कपडे, चादरी, कुकर, मेतकूट, लोणचं, सगळं इथून. आमच्या काकांनी तर दाढीची ब्लेडं दोन वर्षांची नेली होती!

काकांच्या पत्रांत त्या आठ डॉलरचा हिशोब मिळाला. लंडनला विमान थांबलं तेव्हा चहा घ्यायचा मोह आवरला. शिकागोच्या विमानतळावरून ज्या सांगलीकरांकडे उतरायचं होतं त्यांना फोन, दहा सेंट. फोन चुकीचा लागला, आणखी दहा सेंट. एका पत्रात लिहिलंय, "हे दहा सेंट गेल्याचे फार वाईट वाटले." तेवीस वर्षांचा मुलगा, वालचंदमधून इंजिनीअर झालेला, पहिल्यांदाच विमानात बसलेला, आणि घरी लिहिण्यासारखं काय, तर पंचाहत्तर पैसे वाया गेले. आम्ही मुलं काकांना पाठीमागे 'चिंगूस काका' म्हणायचो. हॉटेलात गेलो की मेनूच्या उजव्या बाजूने वाचतात म्हणून हसायचो. ते पत्र वाचल्यापासून मला ते हसू आठवलं की कसंतरी होतं.

विद्यापीठात असिस्टंटशिप होती, पण तिचा पहिला चेक महिना भरल्यावर. तोवर खोलीचं भाडं, त्यावर अनामत, पुस्तकं. आणि ऑक्टोबर सुरू होऊन थंडी पडायला लागलेली. सांगलीच्या माणसाकडे त्या थंडीला पुरेल असा कोट कुठून असणार?

इथे ट्रंकेतल्या वह्या कामाला येतात.

काकांचं ऑक्टोबरमधलं पत्र आहे. नेहमीसारखं कुशल वगैरे, आणि मध्येच एक वाक्य, "गावभागातल्या आजींना भेटून यावे. त्यांच्या चिरंजीवांनी मला १२० पुस्तके दिली आहेत." एकशेवीस पुस्तकं! मी दोनदा वाचलं. आणि अण्णांच्या वहीत नोव्हेंबर १९६९ मध्ये नोंद आहे, "गावभाग ७५०". नंतर डिसेंबर, "गावभाग ५०". जानेवारी ५०, फेब्रुवारी ५०. तिथे खाली रेघ मारलीय आणि लिहिलंय, "पुस्तके पूर्ण".

१२० गुणिले साडेसात. नऊशे.

शिकागोत काकांना ज्यांनी उतरवून घेतलं, त्यांची म्हातारी आई सांगलीत गावभागात एकटी राहायची. मुलाने काकांना तिकडे १२० डॉलर दिले आणि अण्णांनी इकडे त्यांच्या आईला नऊशे रुपये पोचते केले. सरहद्द ओलांडून एक पैसाही गेला नाही. गेलं ते एक पत्र. म्हणजे हुंडीच ती! सावकाराची पेढी नाही, हुंडणावळ नाही, सरकारी दराच्या वर एक पैसा नाही. फक्त एकमेकांच्या घरावरचा विश्वास.

आणि हा गुन्हा होता. १९४७ च्या कायद्यात परदेशात राहणाऱ्याच्या सांगण्यावरून इथे कुणाला असे परस्पर पैसे द्यायला बंदी होती. १९७३ चा 'फेरा' १९७४ पासून लागू झाला आणि प्रकरण आणखी कडक झालं. असे व्यवहार तेव्हा घरोघर होत होते, तरी अण्णांसारख्या मास्तरला त्याची केवढी धास्ती वाटली असेल याची कल्पना येते. ज्या माणसाने शाळेच्या खडूचा तुकडा कधी घरी आणला नाही, त्याने वहीत 'पुस्तके' लिहिलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. मुलांनाही नाही. विशेषतः मुलांना नाही.

आता तुमच्यापैकी घरच्यांच्या लक्षात आलं असेल मी कुठे चाललेय. तीनशे रुपये पगारात एकदम ७५० कुठून आले?

आमच्या घरात आणखी एक गोष्ट सांगतात. आजीच्या पाटल्यांची. चार तोळ्यांची जोडी, तिच्या माहेरून आलेली. त्या आत्याला लग्नात द्यायच्या असं ठरलेलं होतं. १९७२ मध्ये आत्याचं लग्न झालं तेव्हा पाटल्या नव्हत्या. अण्णांनी सट्ट्यात घालवल्या, असं कुणीतरी म्हटलं आणि ते चिकटलं. अण्णांनी खुलासा केला नाही, आजीनेही नाही. आत्या काही बोलली नाही, पण लग्नानंतर अण्णांशी ती कामापुरतंच बोलायची, हे आम्ही लहानांनीही बघितलंय. अण्णा १९८८ मध्ये गेले, आजी १९९५ मध्ये.

वहीत 'गावभाग ७५०' च्या वरचीच ओळ आहे. "पाटल्या मोडल्या ७५०. सौ. ने आपणहून काढून दिल्या."

मी किती वेळ ती वही घेऊन बसले होते कोण जाणे.

काकांना व्हिडिओ कॉल लावला. ते आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत, ऐकायला जरा कमी येतं. १२० डॉलरचं विचारल्यावर खुलले. कोट कुठल्या दुकानातून घेतला, किती घासाघीस केली, सगळं आठवत होतं. "अण्णांकडे प्रॉव्हिडंट फंडाचे होते ना, त्यातून दिले त्यांनी," म्हणाले. मग मी वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं तिने त्या जपून ठेवल्यात." एवढंच. १९७१ पासून दर महिन्याला ते घरी रीतसर ड्राफ्ट पाठवायचे, हे वह्यांत दिसतंच. त्यात दोन जोड्या पाटल्या सहज झाल्या असत्या. पण पाटल्या गेल्याचंच त्यांना माहीत नव्हतं आणि अण्णांनी ते कळवलं नाही. ड्राफ्टच्या नोंदींखाली खर्च आहे तो बाबांच्या कॉलेजच्या फीचा आणि घराच्या पत्र्यांचा.

आत्याला फोनवर सांगणं मला जमलं नसतं. वही घेऊन मिरजेला गेले. तिने ती ओळ बोट ठेवून वाचली. अण्णांचं अक्षर तिच्या अक्षरासारखंच आहे, हे मला तेव्हा दिसलं. म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी काय नको म्हटलं असतं?" मग थोड्या वेळाने, "सोळा वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नाही गं." मी काय बोलणार. चहा गार झाला.

या सगळ्यात दोष कुणाचा, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. नियम मूर्खपणाचा होता असं म्हणणं सोपं आहे. पण १९९१ मध्ये परकीय गंगाजळी तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि देशाला सुमारे ४७ टन सोनं बाहेर गहाण टाकावं लागलं, तेव्हा मी शाळेत होते आणि बाबांचा उतरलेला चेहरा मला आठवतो. देशाचंही आजीसारखंच झालं होतं. टंचाई खरी होती. पण खऱ्या टंचाईसाठी केलेला नियम जेव्हा प्रत्येक घरातल्या साध्या माणसाला चोर ठरवतो, तेव्हा तो चलन किती वाचवतो आणि घरात काय काय मोडतो, याचा हिशोब कुठल्याच वहीत नसतो. 'फेरा' जाऊन २००० साली 'फेमा' आला, आणि अशा चुका फौजदारी गुन्हा न राहता दंडाच्या झाल्या. ४ फेब्रुवारी २००४ ला रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर न्यायची मुभा दिली. २०१५ मध्ये ती अडीच लाख डॉलर झाली. आठपासून अडीच लाखापर्यंत, एका माणसाच्या आयुष्यात!

मी स्वतः पहिल्यांदा परदेशी गेले ते २००६ मध्ये, जर्मनीला. बाबांनी आग्रहाने ट्रॅव्हलर्स चेक घ्यायला लावले होते. एका छोट्या गावातल्या बँकेत खिडकीवरच्या बाईंनी ते उलटसुलट करून बघितले आणि मान हलवली. मोठ्या शहरात जा म्हणाल्या. फार्गोसाहेबांची गत! आता ते चेक जवळजवळ नामशेष झालेत. कार्ड चालतं, फक्त मशीनने "रुपयांत घेऊ की तिथल्या चलनात?" असं विचारलं तर तिथल्या चलनात म्हणावं. रुपयांत म्हटलं की दर ते लावतात आणि तो आपल्या फायद्याचा नसतो. ही आजची हुंडणावळ. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तर आयफेल टॉवरचं तिकीट युपीआयने काढता येतं. त्याच वर्षी मुलीबरोबर गेले होते तेव्हा तिने कोड स्कॅन केला, टुणकन आवाज आला आणि इकडे पुण्याच्या खात्यातून पैसे गेले. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. वाटू नये, हेच बरं.

परवा काकांचा पुन्हा फोन आला. आत्यासाठी पाटल्या करायच्या आहेत, पैसे पाठवतो, सराफाकडे तू जा म्हणाले. आत्याला विचारलं. म्हणाली, "आता या वयात हाताला जड होतात. त्याला म्हणावं, तू ये. तेवढं तिकीट काढ."

काका डिसेंबरमध्ये येतायत. वही मी आत्याकडेच ठेवलीय.

तुमच्याही घरात माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. आठ डॉलर किंवा तीन पौंड घेऊन गेलेलं कुणी असेल, तर त्यांना एकदा विचारा, बाकीचे पैसे कुणी दिले?